मॅडमचा क्रेट कुठंय?

लोणावळ्याला लोकल थांबली, डबा रिकामा झाला, आणि माझी मुलगी खिडकीजवळच्या बाकावर तशीच बसून राहिली. पाय वर घेतलेले, बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"ऊठ बाळा, आलं लोणावळं."

मान हलली, नाही.

"आधी चिक्की घेऊ, मग जाऊ."

नाही.

मी तिची बोटं सोडवायला लागले. एका हाताची सोडवली की दुसऱ्या हाताची घट्ट व्हायची. तेवढ्यात पुण्याकडं परत जाणारी माणसं चढायला लागली. डोक्यावरची पाटी खाली ठेवत एक बाई म्हणाली, "उतरायचं न्हाई का बाई तुमाला?"

"उतरायचंय," मी म्हणाले, आणि गाडी सुटली.

मळवली आलं तेव्हा तिनं पाय खाली सोडले. कामशेतला माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. कान्हे जाऊन वडगाव आलं तोवर ती झोपली होती, अगदी निवांत, जणू आम्ही फिरायलाच निघालो होतो. मला रागही येईना. पाटीवाली बाई सगळं बघत होती. तळेगावला उतरताना म्हणाली, "नवस बोलायला गेलता काय? देवाला न भेटताच आलात." मी हसले. दुसरं काय करणार.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. जन्मली तेव्हा तिचा ओठ चिरलेला आणि टाळू उघडी होती. आमचं गाव हिंगोलीकडचं. तिथं सासूबाई म्हणाल्या, पोटुशी असताना गिराणात, म्हणजे ग्रहणात, काही चिरलं असशील, इळा हातात घेतला असशील. मी किती आठवलं, पण गिराण कधी होतं हेच मला आठवेना. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि घरात धाकटी भावंडं सांभाळायची होती. त्यामुळे असं कुणी ठाम बोललं की मला वाटायचं, असेलच तसं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं, "यात तुमची चूक काही नाही." मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. त्यांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं.

ऑपरेशनं झाली. पहिलं ओठाचं, मग टाळूचं, आणि शाळेत घालायच्या आधीच्या वर्षी टाळूचं आणखी एक. तोवर आम्ही मावळात येऊन स्थिरावलो होतो. तिचे पप्पा आंबी गावातल्या कंपनीत हेल्पर, मी त्याच बाजूच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसवर, आणि राहायला वराळ्यात एक खोली. घरमालकीण मावशी इथल्याच, शेती सांभाळणाऱ्या, जिभेनं तिखट. आमच्या दारात येऊन बसायच्या आणि मुलीला बोलतं करू बघायच्या.

मुलगी बोलायची, खूप बोलायची, पण सगळं नाकातून. मला समजायचं, इतरांना नाही. "मम्मी" तेवढं स्वच्छ. "पप्पा" म्हणायला गेली की तेही "मम्मा"च व्हायचं. मावशी तिच्या पप्पांना चिडवायच्या, "काय रं, तू बी मम्माच व्हय?" ते हसायचे. मग चहाचा कप घेऊन आत जायचे. ते कामून आत जातात ते मला माहीत होतं.

घरात अशी बडबडी पोर पहिलीत बसली आणि मुकी झाली. हजेरीला नुसता हात वर करायची. बाईंनी मला बोलावून सांगितलं, मुलं हसतात म्हणून तिनं बोलणंच सोडलंय, हे असंच राहिलं तर पुढं अवघड जाईल. त्यांनीच लोणावळ्याच्या दवाखान्याचं सांगितलं. तिथं दर गुरुवारी स्पीच थेरपीच्या मॅडम येतात, आणि आमच्यासारख्यांकडून काही घेत नाहीत.

पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले होते की मुलीच्या आधी मलाच पाणी प्यावं लागलं. मॅडम मला "तुम्ही" म्हणाल्या, खुर्ची दिली, माझ्याशी साध्या शब्दांत बोलल्या. टाळूचं भोक आता बुजलंय, पण श्वासाला जुनी सवय आहे, तो नाकाचीच वाट धरतो. त्याला तोंडाची वाट दाखवायची. "म" नाकातूनच येतो, म्हणून "मम्मी" छान येतं. "प"ला मात्र हवा तोंडात साठवावी लागते. वेळ लागेल, पण होईल. "होईल" हा शब्द मी घरी येईपर्यंत मनात म्हणत होते.

त्या दिवशी मॅडमनी बॅटरी लावून मुलीच्या तोंडात बघितलं. नाकाखाली छोटा आरसा धरून "पा" म्हणायला लावलं. आरशावर वाफ धरली की हवा नाकातून गेली असं समजायचं. मग चित्रांची कार्डं एकेक समोर धरली. पतंग, मासा, टोपी, बदक, पोपट. म्हणून झालं की कार्ड टेबलावर ठेवायच्या, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. मी मागं बसून नुसती मॅडमकडं बघत होते. एवढी शिकलेली बाई माझ्या लेकरासाठी इतका वेळ देते, याचंच मला अप्रूप.

दुसऱ्या गुरुवारी मुलीनं दवाखान्याचं दार धरून ठेवलं. तिसऱ्या गुरुवारी तळेगाव स्टेशनात खाली बसली. त्यानंतरच्या गुरुवारी पप्पांनी कंपनीतून सुट्टी घेतली, तिला खांद्यावर टाकलं आणि थेट आत नेऊन ठेवलं. ती ठेवली तशी राहिली. ओठ मिटलेले, डोळे जमिनीकडं. मॅडमनी फुगे काढले, साबणाचे बुडबुडे काढले, कापसाचा गोळा फुंकून टेबलावरून पळवला. तिनं बघितलंसुद्धा नाही.

मॅडम पप्पांना म्हणाल्या, "उचलून आणाल हो तुम्ही. पण आवाज काही उचलून आणता येत नाही." मग मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "माझ्याकडं बरीच मुलं थांबलेली आहेत. ही अशीच यायला नाही म्हणत राहिली, तर तिची वेळ मला दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल. मला नाही द्यायची, पण द्यावी लागेल." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना वाईट वाटत होतं, ते माझ्यानं बघवलं नाही. आणि त्याच्या पुढच्याच गुरुवारी आम्ही लोणावळ्याला न उतरता परत आलो होतो.

कारण काय, ते कुणाला कळेना. मी म्हटलं सुईची भीती असेल. पप्पा म्हणाले लाड झालेत. मावशींनी दृष्ट काढली, जिभेवर मधात उगाळलेलं वेखंड लावलं. पोरीनं मध चाटून घेतला आणि वेखंड पदराला पुसलं, माझ्या. मावशी म्हणाल्या, "तिला बोलायचं न्हाई आसं न्हाई. तिला तितं बोलायचं न्हाई. तितं काय हाये त्ये इचार." मी रोज विचारायची. ती म्हणायची, "काय नाय." मी भुशी धरणावर न्यायचं कबूल केलं. तिनं विचारलं, "गुरुवारी?" मी म्हटलं, "दवाखाना झाला की." मग तिला धरणही नको.

गुरुवार आला की मला सकाळपासून भाकरी गोड लागायची नाही. गावाकडं कुणाला फोन करून सांगावं, तर तिकडं एकच उत्तर, पोरीची जात आहे, घरातलं बोलता आलं की झालं. मला ते नको होतं. घरातलंच बोलून माझं निम्मं आयुष्य गेलं, तिचं तसं जाऊ नये, इतकं मला कळत होतं.

जानेवारी संपत आला तसं पॉलिहाऊसवर काम वाढलं. व्हॅलेंटाइनला सगळ्या जगाला लाल गुलाबच लागतो, आणि तो आमच्या मावळातून जातो असं साहेब सांगायचे. शाळेला सुट्टी असली की मुलीला माझ्याबरोबर शेडमध्ये न्यावं लागायचं. ती पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसून माझ्या हाताकडं बघत राहायची.

माझं काम ग्रेडिंगचं. टेबलावर रेघा मारलेल्या असतात. फूल आडवं ठेवायचं, दांडा कुठल्या रेघेपर्यंत पोचतो ते बघायचं. कळीची मान सरळ आहे का, पाकळीला डाग आहे का, ते बघायचं. चांगलं फूल त्याच्या त्याच्या गठ्ठ्यात. मान वाकडी असली की पायाशी ठेवलेल्या निळ्या क्रेटमध्ये, रिजेक. हाताला इतकी सवय की डोळ्यांच्या आधी हातच ठरवतो.

त्या दिवशी मी आणि शेजारच्या टेबलावरची आंबीची वहिनी भराभर हात चालवत होतो. मुलगी उठून माझ्या पायाशी आली, निळ्या क्रेटमध्ये वाकून बघितलं आणि विचारलं, "मम्मी, मॅडमचा क्रेट कुठंय?"

ती काय बोलली ते वहिनीला कळलं नाही. मला कळलं, पण उमगलं नाही.

"कसला क्रेट?"

"रिजेकचा."

"मॅडमकडं कामून असंल रिजेकचा क्रेट? तिथं काय फुलं असतात का?"

"पोरं असतात ना."

वहिनी म्हणाली, "काय म्हंती गं?" मी सांगितलं तशी ती खळखळून हसली. "आगं बया! लय हुशार हाये तुजी पोर. सुपरवायजर कर तिला." मग माझा चेहरा बघून तिचं हसणं आपसूक थांबलं. माझ्या हातात एक फूल होतं. ते कुठं ठेवायचं ते मला सुचेना.

"बाळा, तिथं पोरं कुठं ठेवत असतील का?"

"ठेवतात. आधी बॅटरी लावून बघतात. मग एक चित्र इकडं, एक चित्र तिकडं. माझी तिकडचीच लय झाली. मॅडमनी त्याला रबर लावलं आणि आत ठेवलं." ती हे अगदी समजावून सांगितल्यासारखं सांगत होती, जणू मलाच काम शिकवत होती. "आता चित्रं ठेवली. मग मला ठेवणार."

"मी बाहेर बसलेली असते की गं. मी ठेवू देईन का?"

"ऑपरेशनला पण तू बाहेरच होतीस. तरी त्यांनी ठेवलं."

खरंच होतं. ती आत होती आणि मी बाहेर बाकावर होते. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच मला आत सोडलं होतं.

माझ्या लेकराच्या डोक्यात सगळं अगदी नीट बसलेलं होतं. टेबल, बघणारी बाई, दोन ढीग, आणि वाकडं निघालं त्याची वेगळी जागा. असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं सुट्टीच्या दिवशी पुठ्ठ्यावर बसून बघितलं होतं, आपल्या आईकडं. आता मी तिला क्रेटच नाही म्हणाले असते, तर तो माझ्या पायाशी होता. वाकड्या फुलांचं काही वाईट होत नाही म्हणाले असते, तर दुपारी ती कुठं ओततात ते तिनं बघितलेलं होतं. मी तिला उचलून टेबलाच्या कडेला बसवलं आणि म्हणाले, "मॅडमचा क्रेट कुठंय ते मला माहीत नाही. मी विचारते."

विचारते म्हणाले खरी, पण विचारायचं कसं? मॅडमना काय सांगू, की पोरगी म्हणते तुम्ही तिला रिजेक करणार? त्यांना वाटलं असतं, या बाईला आपण जीव लावतो आणि ही आपल्यावर आळ घेते. जेवणाच्या सुट्टीत पॉलिहाऊसच्या मागं जाऊन मी दोन-तीनदा एकटीच बोलून बघितलं. मग फोन लावला, आणि पाठ केलेलं सगळं विसरून जसं झालं तसं सांगितलं.

सांगून झालं तशी मी म्हणाले, "चुकलं असलं तर माफ करा."

"नाही नाही," त्या म्हणाल्या. "मी विचार करतेय. कितीतरी मुलं यायची बंद होतात हो, आणि का ते मला कधी कळतच नाही. तुम्ही सांगितलंत ते फार चांगलं केलंत." मग पुढं म्हणाल्या, "असं करा, या गुरुवारी तिला बोलायला आणूच नका. तिला सांगा, मॅडमनी क्रेट शोधायला बोलावलंय. सगळा दवाखाना बघ म्हणावं."

मी घरी येऊन तसं सांगितलं. तिनं मला दोनदा विचारलं, "शोधायलाच ना?" मावशी दारातच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शोधायलाच जायचं तर नीट बग. कपाटात बग, कॉटखाली बग, पडद्याच्या मागं बग. मानसं लय लपवत्यात." मी डोळ्यांनी खुणावत होते, मावशी, गप बसा. पण पोरीला तेच पटलं. गुरुवारी ती स्वतः चप्पल घालून उभी राहिली.

लोणावळ्याला गाडी थांबली तेव्हा माझा हात तिच्या दंडावर होता. ती उतरली. मी तिच्या मागं उतरले.

मॅडमनी दार सताड उघडं ठेवलं होतं. "ये. मी काही दाखवणार नाही हं, तूच बघ," असं म्हणून त्यांनी कपाटाच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि स्वतः खुर्ची भिंतीला लावून बसल्या. मुलीनं आधी कॉटखाली बघितलं. तिथं फरशी पुसायचा मॉप होता. पडदा ओढून बघितला. कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचलून बघितलं. कपाट उघडलं. त्यात खेळणी, एक डफली, चेंडूंची पिशवी, आणि रबर लावलेले कार्डांचे पुष्कळ गठ्ठे. ती एकेक गठ्ठा काढून बघत होती. मला मॅडमपुढं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "पसारा करू नको गं," मी म्हणाले. मॅडमनी मला हातानंच थांबवलं.

शेवटी ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माझी कुठंय?"

मॅडमना पहिल्या वेळी कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, तिच्याकडंच बघून म्हणाल्या, "पुन्हा सांगतेस?"

"माझी चित्रं. तिकडची."

मॅडमनी टेबलाचा खण ओढला. सगळ्यात वर तो गठ्ठा होता. "ही बघ. कपाटात कशी असतील? ज्या मुलांना जी चित्रं आली, ती कपाटात गेली. त्यांचं माझ्याकडं काही काम उरलं नाही. तुला जी येत नाहीत ती मी हाताशी ठेवली. माझं काम यांच्याशीच आहे."

"आणि सगळी आली की?"

"सगळी कपाटात."

"आणि मी?"

"तू कशाला कपाटात? तू घरी. शाळेत. जिथं तुला बोलावंसं वाटेल तिथं. इथं यायचं बंद. मग मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

मुलगी विचार करत होती. मीही करत होते. आमच्या शेडमध्ये वाकडं निघालं की पायाशी आणि सरळ निघालं की वर. इथं नेमकं उलटं. जे जमलं नाही तेच मॅडमच्या हाताशी होतं, सगळ्यात वरच्या खणात. एवढी साधी गोष्ट मला इतक्या दिवसांत कुणी सांगितली असती तरी कळली नसती. पोरीला किल्ल्या दिल्या म्हणून मला कळली.

तिनं गठ्ठ्याचं रबर काढून आपल्या मनगटात घातलं. मग टेबलावरचा छोटा आरसा उचलला आणि मॅडमच्या नाकाखाली धरला. "म्हणा."

"काय म्हणू?"

"मम्मी."

मॅडम "मम्मी" म्हणाल्या. आरशावर वाफ धरली. मुलीनं आरसा मला दाखवला, मग स्वतः निरखून बघितला. "तुमचं पण नाकातून येतं," ती म्हणाली. या वेळी मॅडमना पहिल्याच फटक्यात कळलं, आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली.

"येतं ना. 'म' सगळ्यांचं नाकातून येतं. आता 'प'ची गंमत बघू या का? मम्मीला बाहेर बसवू या, की आत?"

मी आतच बसणार होते. माझी पिशवी मी खुर्चीला अडकवलीसुद्धा होती. मुलीनं माझ्याकडं बघितलं, कपाटाकडं बघितलं, कॉटखाली पुन्हा एकदा वाकून बघितलं.

"बाहेर," ती म्हणाली.

बाहेर बाकावर मी हात मांडीवर ठेवून बसले. एवढी वर्षं तिच्या शेजारी बसून ती बोलली की लगेच दुसऱ्याला सांगायची सवय, आता सांगायला कुणी नव्हतं. दाराआडून आवाज येत होते. मॅडमचा "पा", मग तिचा, तो "मा"च. पुन्हा मॅडमचा "पा". पुन्हा "मा". मग कापूस फुंकल्याचा आवाज, मग मॅडमचं "अरे वा, पळाला!", मग पुन्हा "मा". त्या दिवशी "प" काही आला नाही. त्यानंतरही कितीतरी गुरुवार तो आला नाही.

त्या गुरुवारी मध्येच दार थोडंसं उघडलं. फटीतून तिचं अर्धं तोंड दिसलं. मी आहे की गेले, ते ती बघत होती. मी लगेच उठायला गेले.

"तू हितंच बस," ती म्हणाली. मी तिला "इथं" शिकवलं होतं, "हितं" तिनं मावशींकडून घेतलं. नाकातून आलं, फाटकं आलं, पण आलं.

मी बसले. तिनं दार आतून लावून घेतलं.